लोखंड पाजणारी बहीण

मोबाईलवर हल्ली एक बाई सारखी येते. लोखंडी कढईत पालक परतते आणि गोड हसून सांगते, लोह खा, रक्त वाढवा. तिचं तोंड दिसलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अगं बये, कुणाचं रक्त? का कमी आहे ते तपासलंस का आधी? मी मोबाईल पालथा टाकते. खरं तर तिच्यावर चिडून काय उपयोग? वीस वर्षं ती बाई मीच होते.

मी अंगणवाडी सेविका, रनाळ्याच्या बाजूच्या एका खेड्यात. भिंतीवर तक्ता लावून बायांना शिकवायचं, पालेभाजी खा, गूळ खा, गोळी चुकवू नका. ते खोटं नव्हतं आणि आजही नाही. जिच्या अंगात लोह कमी तिला गोळी मिळालीच पाहिजे, आणि ती गोळी उकिरड्यावर फेकणारीला मी आजही सोलून काढते. घोळ झाला तो माझ्या घरात.

घरात मी आणि धाकटा भाऊ. मी नांदणं सोडून माहेरी परत आले त्याच वर्षी माय गेली. जाताना म्हणाली, "याना आंगमा रगत नही. याले तू सांभाळ." भाऊ तेव्हा सतरा वर्षांचा. लहानपणापासून फिकट, डोळ्यांत पिवळी झाक. कापसाची चार गाठोडी उचलली की बांधावर बसायचा. हिमोग्लोबिन सात, फार तर आठ. त्याच्या पुढे कधी गेलंच नाही.

आमच्या जिल्ह्यात रक्त कमी म्हटलं की पहिली शंका सिकलसेलची, रक्ताच्या त्या पिढीजात आजाराची. शिबिरात त्याचीही तपासणी झाली आणि सिकलसेल नाही असा कागद आला. मी गल्लीत पेढे वाटले. आता सिकलसेल नाही म्हणजे दुसरं काय असणार? लोह कमी! एवढं काय ते डॉक्टरला विचारायचं? मी रोज दुसऱ्यांना शिकवते ना? दीडशहाणी होते मी, दुसरं काय.

मग मी हात धुऊन त्याच्या मागे लागले. भाजी लोखंडी कढईत, भाकर लोखंडी तव्यावर, जेवणावर गुळाचा खडा. मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आणि वर टॉनिक. आणि रोज सकाळी फाळाचं ताक. नांगराचा जुना फाळ चुलीत लाल करायचा आणि ताकात बुडवायचा. चर्र आवाज येतो, ताकाला काळपट रंग चढतो. ही मायची रीत. ती बाळंतिणीला आठ दिवस द्यायची. मी भावाला वर्षानुवर्षं दिलं.

तो कुरकुरायचा. "आक्का, पोट दुखस मन्हं."

"दुखू दे. औषध लागू पडी ऱ्हायनं," मी म्हणायचे.

पण त्याचा खरा राग होता तो चहावरून. त्याला चहा जीव की प्राण. दुधाचा, घट्ट, गोड, बशीत ओतून फुर्रकन प्यायचा. आणि चहा लोहाला अंगी लागू देत नाही, हे तर माझ्या तक्त्यावरच लिहिलेलं. मी घरात चहापत्ती आणणंच बंद केलं. पाहुण्यांनासुद्धा सरबत. लोक नावं ठेवायचे, ठेवू देत. आमच्याकडे चहा विचारला नाही तर माणूस सात पिढ्या लक्षात ठेवतो, तरी मी बधले नाही.

मग तो चौफुलीवरच्या टपरीवर चोरून प्यायला लागला. मला खबर लागली. एके दिवशी दुपारी मी सरळ टपरीवर गेले. बाकड्यावर गावातली पाच-सहा माणसं, मध्ये हा. चौतीस वर्षांचा बाप्या. मी त्याच्या हातातला कप हिसकला आणि त्याच्याच पायाशी ओतला. "चहा रगत जाळस! मरनं शे का तुले?"

माणसं हसली. तो हसला नाही. बाकड्यावरच्या माणसांकडे बघून हळूच म्हणाला, "लोकेसना मोरे असं नको करू, आक्का." मी कप टपरीवाल्याच्या पुढ्यात आपटला आणि त्यालाही दम दिला, माझ्या भावाला पुन्हा चहा दिलास तर बघ. येताना वाटेत मला स्वतःचा अभिमान वाटत होता. खोटं कशाला बोलू?

त्यानंतर त्याने चहा सोडला. माझ्याशी बोलणंही जवळजवळ सोडलं.

पुढच्या दोन वर्षांत त्याचा रंग बदलला. फिकट होता तो राखाडी काळा दिसायला लागला. उन्हाने, म्हटलं. बोटांचे सांधे धरले. मग साखर निघाली, आमच्या घराण्यात कुणाला नसताना. मग पोट फुगलं आणि तो ओट्यावरून उठेना. तेव्हा कुठे मी त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण तरुण होती, मला मुलगी असती तर तिच्या वयाची. रक्ताच्या नव्या तपासण्या झाल्या, आठवड्याने कागद आले. तिने विचारलं, याला खायला-प्यायला काय देता? मी सगळं सांगितलं. ताठ मानेने सांगितलं, अगदी फाळाच्या ताकासकट. शाबासकीची वाट बघत होते मी! तिने पेन खाली ठेवलं.

म्हणाली, "मावशी, याला लोह कधीच कमी नव्हतं. हा थॅलेसेमिया आहे, मधल्या तीव्रतेचा. सिकलसेलच्या त्या चाचणीत तो दिसत नाही. यात रक्त नीट बनत नाही, म्हणून शरीराला वाटतं लोह कमी पडतंय, आणि आतडी अन्नातलं लोह जास्तच ओढतात. जास्तीचं लोह बाहेर टाकायला शरीराला वाट नाही. ते यकृतात साठतं, हृदयात साठतं, साखर सांभाळणाऱ्या ग्रंथीत साठतं. नुसत्या आजारानेही थोडं साठलंच असतं. पण तुम्ही वरून भरत राहिलात."

मी विचारलं, "आता?"

"लोखंड बाहेर काढायच्या गोळ्या देते. यकृत किती सुधारेल ते सहा महिन्यांनी कळेल. साखर राहणार. गोळ्या, टॉनिक, गूळ, लोखंडी भांडी, सगळं बंद. आणि दोन्ही जेवणांसोबत कोरा चहा द्या. चहा लोहाला अंगी लागू देत नाही."

माझ्या तक्त्यावरचं वाक्य. शब्द न् शब्द तेच.

भाऊ हसला. आठवडाभरात पहिल्यांदा हसला, आणि माझ्याकडे न बघता हसत राहिला. मला वाटलं, जमीन फाटावी. त्याहून जास्त वाटलं की त्याने एकदाचं ओरडावं.

परतताना तो चौफुलीवरच उतरला, मागोमाग मी. टपरीवर गेला, एक चहा मागितला. टपरीवाल्याने आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. भावाने कप घेतला आणि बाकड्यावरच्या सगळ्यांसमोर माझ्यापुढे धरला. "ले, आक्का. वती दे."

ओत म्हणाला मला. माझे हात उठेनात. "वत ना," तो म्हणाला, "त्या दिन तं वता." चार माणसं माना खाली घालून बसली होती. मी तिथेच रडले, भर दुपारी. त्याला दया आली नाही, आणि येऊ नये असंच मला वाटलं. त्याने कप तसाच बाकड्यावर ठेवला आणि घरची वाट धरली.

फाळ मी भंगारात दिला. कढई, तवाही. आता दोन्ही वेळा भाकरीसोबत त्याच्यापुढे चहाचा कप ठेवते आणि मागच्या दारी जाते, कारण मी समोर असले तर तो हात लावत नाही. सहा महिने व्हायला अजून दोन बाकी आहेत. चहा कोरा असतो, बिनसाखरेचा, कडू. साखर आता त्याला चालत नाही. त्याला आवडायचा तो दुधाचा, गोड चहा टपरीवर मी त्याच्या पायाशी ओतला.