दादाचं शेवटचं चाक

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, अन् देवापाशीही नाही — परळीच्या वैजनाथापुढं कितीदा तरी हात जोडले, अन् दरवेळी पावसापाण्याचं बोलून परत आलो. तुम्हाला सांगतो. तुम्हालाच कावून? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. नेकनूरच्या बाजूला मला ओळखणारा माणूस माझं निम्मं ऐकतो, अन् ऐकलेल्यातलं निम्मं उपरण्यानं झटकून टाकतो.

झटकावंच. एकदा माझा बैल अडून बसला, तेव्हा मी वाघाला जुवाला जुंपून गाडी घरी आणली होती — हे मी इतकी वर्षं सांगतोय की आता मला त्या वाघाची खोडही आठवते. डावीकडं ओढायचा. माझ्या असल्या गोष्टी कधी कुणी खऱ्या मानल्या नाहीत. एक सोडून. ती एकच मानली, साऱ्या मुलखानं मानली, अन् ती माझ्या सख्ख्या भावाबद्दल होती.

आम्ही सुतार. बाप लवकर गेला, मला रामजीदादानं वाढवलं. वाकस माझ्या हातात कधी बसला नाही, लाकडाऐवजी अंगठा तासायचो, म्हणून त्यानं माझ्या हाती बैलांचा कासरा दिला. तो चाकं करायचा. कशी चाकं म्हणता? त्याच्या चाकांची गाडी उतारावर सोडली की बैल मागं राहायचे, अन् गाडी पुढच्या गावात जाऊन त्यांची वाट बघायची. बरं, इतकं नाही. पण निजामाच्या अमलात आमच्याकडं रस्ते म्हणजे दगडांची रांग, अन् त्या दगडांवर दादाचं चाक करकरत नसे, एवढं खरं.

बाभूळ तोडली की आधी पावसाळाभर ओढ्याच्या डोहात, मग वळचणीला सावलीत. वर्षानुवर्षं. लाकूड आपण झाड होतो हे विसरेस्तोवर तो त्याला हात लावत नसे. ओलं लाकूड पुढं आटून चाक खिळखिळं होतं, म्हणून ओल्या लाकडाचं चाक देणारा सुतार त्याच्या लेखी सुतारच नव्हे. अन् काम करता करता आत वहिनीशी गप्पा चालू — दिवसभर. गावातले टगे चिडवायचे, "रामजी, चाक तू करतो का बायको करती बे?" दादा मान वर न करता म्हणायचा, "गाडीला दोन लागत्यात. एका चाकावर तुजी कशी चालती, दाव की."

असा माणूस. लेकरांना भरवल्याबिगर जेवला नाही. त्याच्याबद्दल मी काय केलं — सांगतो. जरा आडवाटेनं येतोय, कळतंय मला.

चाकाचं एक असतं. लाकूड कितीही मुरलेलं असो, वैशाखात ते आटतं. लाकूड आटलं की त्याच्यावरची लोखंडी धाव सैल पडते. म्हणून लांबच्या वाटेला निघायच्या आदल्या दिवशी चाकं डोहात घालून ठेवायची. लाकूड फुगतं, धाव घट्ट बसते. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत.

त्या वैशाखात तहसीलदारांचा मुक्काम नेकनुरातून हलायचा होता. गाड्या वेठीला धरलेल्या, त्यात आमची. गाडीची चाकं दादानं नुकतीच केलेली. त्याच दिवसांत वहिनीचं बाळंतपण अवघड झालं होतं. पोर जगलं, पण वहिनी तापानं फणफणलेली. दादा तिच्या उशाशी. तिथूनच मला म्हणाला, "काशा, चाकं डोहात घाल. लाकूड लई आटलंय."

मी गाडी घेऊन निघालोही. वाटेत पारावर मंडळी बसली होती. त्यांनी वाघाची गोष्ट काढली. आता तुम्हीच सांगा — नको, तुम्ही काही सांगू नका. मी बसलो. वाघ जुंपला, सोडला, परत जुंपला. डोह राहून गेला. पहाटे दादानं विचारलं, "भिजली का?" मी म्हणालो, "भिजली की."

मांजरसुंब्याच्या घाटात धाव खडखडायला लागली. ऐकू येत होतं मला. मी गाणं मोठ्यानं म्हणायला लागलो. मग ती निसटली अन् एकटीच उतारानं पुढं पळाली, जणू तहसीलदारांना वर्दी द्यायला निघालीय. चाकाचे आरे दात पडावेत तसे गळाले. तंबू, पेट्या, साहेबांचा हुक्का, सगळं दरीच्या काठावर. एका बैलाचे गुडघे फुटले.

चपराशी वेताची छडी घेऊनच आला. "कसूर किसका?"

किती सोपा सवाल. अन् किती सोपं उत्तर माझ्याजवळ होतं. मी छडीकडं बघितलं अन् म्हणालो, "साहेब, चाकाचं लाकूड ओलं व्हतं. माझ्या भावानं गडबडीत केलंय."

छडी न बसताच खाली आली. मी वाचलो.

एवढ्यावर थांबलो असतो तर? पण थांबलो नाही. घाटाखाली मुक्काम पडल्यावर स्वयंपाक्याला सरपण हवं होतं. चाकाचे तुकडे मीच उचलून चुलीत घातले — दादानं ते पाहिले असते तर एका नजरेत ओळखलं असतं म्हणून. फुंकरही मारावी लागली नाही. कडाडून पेटले. इतकं सुकं, इतकं मुरलेलं लाकूड मी जन्मात जळताना पाहिलं नाही, अन् त्याच्याच जाळावर भाजलेली भाकरी खाऊन मी ते ओलं होतं असं सांगत घरी आलो.

चावडीवर दादाला बोलावलं. सगळ्यांसमोर विचारलं. मला वाटलं, तो खवळेल, मला मानगुटीला धरेल. मनातल्या मनात मी तेच मागत होतो. पण सख्खा भाऊ सांगतोय म्हटल्यावर तो खोटं कशाला धरील? त्यानं आपल्या हातांकडं बघितलं अन् म्हणाला, "आसंल. ती आजारी व्हती, माजं ध्यान घरात व्हतं. लाकूड निवडताना हात चुकला आसंल."

कळलं का तुम्हाला मी काय केलं ते? बायकोच्या उशाशी बसला, ती माया त्याला चूक वाटायला लावली मी.

चाकं दुसऱ्या गावच्या सुताराकडं जायला लागली. पण लोकांनी सगळं काम तोडण्याआधी दादानंच चाकं करणं सोडलं. पाटील समजूत घालायला आले, त्यांना म्हणाला, "ज्या चाकावर माझा भरवसा न्हाई, त्याच्यावर दुसऱ्याची लेकरं कशी बसवू?" त्यानंतर त्यानं पेरणीच्या पाभरी केल्या, दारं केली, अन् पाळणे केले. पाळणे असे की निम्म्या बीड जिल्ह्याला झोप त्यानंच लावली. निम्म्या नाही — पण आमच्या पंचक्रोशीत नवं बाळ आलं की आजी आधी दादाच्या दारात यायची. तो हसायचा, नातवंडं पाठीवर घ्यायचा, वहिनी बरी झाली होती, तिच्याशी दिवसभर बोलायचा. लांब, भरलेलं आयुष्य जगला. पुष्कळदा मी स्वतःला म्हटलंय, काशा, तुझ्यामुळं केवढे पाळणे झाले बघ. असलं मी स्वतःलाही सांगतो. वाघासारखंच.

अन् ते पोर — दगडू, माझा पुतण्या. तो जन्मला अन् बापाची चाकं गेली, म्हणून लोक म्हणायचे, पोराचा पायगुण. बायका लग्नाच्या गाडीला त्याला हात लावू देत नसत. एकदा, अंगठ्याएवढा असताना, त्यानं मला विचारलं, "तात्या, माझ्यामुळं बाबांनी चाकं सोडली का?" मी त्याला एका साधूच्या शापाची गोष्ट सांगितली. चांगली रंगली. तो ऐकत राहिला, अन् शेवटी म्हणाला, "म्हंजे माझ्यामुळं न्हाई?" मी दुसरी गोष्ट सुरू केली.

दादा गेल्या पौषात गेला. म्हातारा होऊन, झोपेत, घरची सगळी जवळ असताना. शेवटपर्यंत त्याला वाटत राहिलं की एकदा त्याचा हात चुकला होता. मी त्याचे पाय चेपायचो. कितीतरी वेळा शब्द दातांपर्यंत आले. पुढं नाही आले.

पण दगडू बापापेक्षा हट्टी निघाला. दादाची जुनी चाकं अजून मुलखात धावतात — तो गावोगाव गेला, गाड्यांखाली शिरून मापं घेतली, आरे कसे बसवलेत ते बोटांनी चाचपलं. कुणी म्हटलं, "पायगुणाच्या पोरा, चाकाला कशाला हात लावतो?" तर म्हणाला, "पाय नाय लावत, काका, हातच लावतोय." अन् वळचणीला दादानं चाकांसाठी ठेवलेली बाभूळ अजून तशीच पडून होती. कधीची मुरून बसलेली. दादानं चाकं सोडली, पण ती बाभूळ जाळली नाही, विकली नाही. का ठेवली असेल? मला माहीत नाही, अन् या बाबतीत मी काही बनवून सांगणार नाही.

तिचंच चाक दगडूनं केलंय. मी पाहिलं. दादाचंच वाटतं — नाही, थोडं वेगळं आहे, त्याचं स्वतःचं आहे, आणि सुंदर आहे. किती दिवसांनी मी काही पाहिलं अन् ते वाढवून सांगावंसं वाटलं नाही.

उद्या सकाळी धाव चढवायची आहे. गोवऱ्यांच्या जाळात लोखंड लाल करायचं, चाकावर बसवायचं, अन् वरून पाणी ओतायचं — लोखंड आवळतं अन् चाक कायमचं एक होतं. ते पाणी घरातल्या वडीलधाऱ्यानं ओतायचं असतं. दगडू काल येऊन म्हणाला, "तात्या, घागर तुमी धरायची."

गोवऱ्या पेटायच्या आधी मी त्याला सांगणार आहे. गाव जमलेलं असेल, त्यांच्यापुढं सांगणार आहे. ते हसतील, त्यांना ही माझी नवी गोष्ट वाटेल, वाटू दे. मी पुन्हा सांगेन. बाप चुकला नव्हता. तुझा पायगुण नव्हता. चाक मी भिजवलं नाही, खोटं बोललो, अन् तुकडे जाळले.

मग तो घागर माझ्या हातात ठेवेल, नाहीतर काढून घेईल. काढून घेतली तर मी बाजूला उभा राहीन, अन् दुसऱ्याच्या हातून ते पाणी पडताना बघेन.