संग्राम मागे आहे ना!

आमच्या मित्रमंडळात कुणाचा वाढदिवस असो नाहीतर गणपतीची आरती, चहा झाला की कुणीतरी म्हणतंच, "ए, संग्रामचा तो किस्सा सांग ना!" तो म्हणजे कुठला, हे कधीच ठरत नाही. एक सांगायला घ्यावा तर दुसऱ्याला तिसराच आठवतो. आणि खुद्द संग्राम कोपऱ्यात चिवडा खात "असं काही झालंच नव्हतं" म्हणत बसतो. मी त्याचा ऑफिसातला सहकारी आणि गावातला शेजारी, त्यामुळे यातले बरेच मी स्वतः पाहिलेत. उरलेले त्याच्या बायकोनं, अमृतानं सांगितलेत. म्हणजे ते जास्त खरे!

संग्राम कोल्हापूरचा. जर्मनीतल्या कार्ल्सरूहेत गाड्यांचे पार्ट डिझाइन करणारी आमची कंपनी, आणि शहराबाहेरच्या एका छोट्या गावात आमची घरं. गावाला फुटबॉल क्लब आहे, पार खालच्या लीगांमधला. प्रेक्षकांत खेळाडूंचे नातेवाईक, त्यांची कुत्री आणि मी.

२०११ च्या सुमाराला संग्राम पहिल्यांदा तिथे प्रॅक्टिसला गेला. ट्रेनर मानफ्रेड, गावातलाच बेकरीवाला. त्यानं याला खालीवर न्याहाळलं.

"इंडियात तर क्रिकेट खेळतात ना?"

"इंडियात खेळत असतील," संग्राम म्हणाला, "मी कोल्हापूरचा आहे."

मानफ्रेडला काही कळलं नाही. त्यानं टीममधला सगळ्यात वेगवान पोरगा याच्या अंगावर सोडला. तो पाच-सहा वेळा आला आणि तितक्याच वेळा बॉल न घेता परत गेला. मग मानफ्रेडनं शांतपणे विचारलं, "त्या कोल्हापुरात अजून कुणी रिकामं आहे का?"

*

मैदानात मात्र भाषेचे वांधे. संग्रामचं जर्मन तसं ठीक, पण बॉल अंगावर आला की तोंडातून कोल्हापूरच बाहेर यायचं! एकदा यानं बॉल अडवला, पुढे पास द्यायचा म्हणून विंगरकडे बघून जोरात ओरडला, "जा! जा! जा!"

जर्मनमध्ये "जा" म्हणजे "हो". विंगर जागच्या जागी उभा राहिला आणि खूश होऊन यालाच अंगठा दाखवायला लागला. बॉल त्याच्या शेजारून लाइनबाहेर!

पुढच्या आठवड्यात मानफ्रेडनं फर्मान काढलं, की संग्रामनं भाषा बदलायची नाही, बाकीच्यांनी शिकायचं. दोन सीझनमध्ये आमची अख्खी डिफेन्स लाइन "मागं बघ!", "सोडू नगंस!", "आला की रं!" असं ओरडायला लागली. एका रेफरीला संशय आला. त्यानं कॅप्टनला बोलावून विचारलं, "ही शिवी आहे का?"

कॅप्टन ताठ मानेनं म्हणाला, "नाही. ही आमची टॅक्टिक आहे."

*

त्याची मुलगी सई किंडरगार्टनमध्ये होती तेव्हाची गोष्ट. बाईंनी मुलांना विचारलं, तुमचे बाबा काय करतात? सईनं अभिमानानं सांगितलं, "माझा पापा फेअरटायडिगर आहे."

जर्मनमध्ये फुटबॉलमधला डिफेंडर म्हणजे फेअरटायडिगर. आणि कोर्टात आरोपीची बाजू लढवणारा वकील, तोही फेअरटायडिगरच! दुसऱ्या दिवशी सईला आणायला गेलेल्या अमृताला बाईंनी बाजूला घेतलं. हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या भावाची एक केस आहे. तुमचे मिस्टर घेतील का?"

अमृता जरासुद्धा गोंधळली नाही. म्हणाली, "कोर्टाचं नाही जमणार त्याला. पण समोरच्याला आत येऊ देणार नाही, एवढी गॅरंटी देते!"

*

जर्मनीनं वर्ल्ड कप जिंकला त्या उन्हाळ्यात शेजारच्या मोठ्या गावाच्या टीमचा मॅनेजर संग्रामच्या घरी आला. त्यांचा क्लब आमच्यापेक्षा एक लीग वर. जागा पक्की, सीझननंतर कॅप्टनशिप. अमृतानं केलेले पोहे खात तो तासभर समजावत होता.

संग्राम म्हणाला, "हे घर बघताय ना? मी इथे आलो तेव्हा मला कुणी घर देत नव्हतं. हे आमच्या गोलकीपरच्या मावशीचं आहे. सामान याच टीमनं वर चढवलंय, वॉशिंग मशीनसकट. आता त्यांच्यासमोर तुमचा शर्ट घालून उभा राहू?"

"अरे, पण वरच्या लीगमध्ये खेळशील!"

"वर जायचंच असेल तर सगळे मिळून जाऊ."

त्या वर्षी आम्ही सगळे मिळून खाली गेलो! संग्राम जागचा हलला नाही.

पुढे कंपनीनं त्याला न्युरेम्बर्गच्या प्रोजेक्टवर टाकलं, तेव्हाही त्यानं क्लब सोडला नाही. दर रविवारी हा माणूस अडीचशे किलोमीटरची आउटोबान तुडवून मॅचला हजर. तिथल्या बॉसनं विचारलं, "न्युरेम्बर्गमध्ये फुटबॉल क्लब नाहीत का?" संग्राम म्हणाला, "आहेत की. चांगले आहेत. मी त्यांची मॅच टीव्हीवर बघतो."

*

त्याचे वडील, अण्णा, एका उन्हाळ्यात इथे आले होते. अण्णा स्वतः तरुणपणी कोल्हापुरात पेठेच्या टीमकडून फॉरवर्ड खेळलेले. पोरगं डिफेंडर झालं याचं त्यांना मनातून दुःख. मॅचला आले, गावातल्या म्हाताऱ्यांच्या बाकावर हाताची घडी घालून बसले. आम्ही एक-शून्यनं जिंकलो. लोकांनी संग्रामची पाठ थोपटली. अण्णा उठून घराच्या वाटेला लागले.

घरी गेल्यावर अमृतानं विचारलं, "अण्णा, आवडली का मॅच?"

"कसली मॅच?" अण्णा कुरकुरले. "हा मागं असला की बघायला मज्जाच न्हाई. बॉल गोलापर्यंत येतोय कुठं?"

संग्राम आतल्या खोलीत होता. पाच मिनिटं बाहेर आला नाही.

*

आणि हा शेवटचा.

संग्रामचा तो शेवटचा सीझन. गुडघा कुरबुरत होता. लीगमध्ये टिकायला आम्हाला शेवटच्या मॅचमध्ये बरोबरी पुरेशी होती. समोरच्या टीमचं काहीच पणाला लागलेलं नव्हतं. त्यांचा स्ट्रायकर टॉर्स्टन, घरांची छपरं बसवणारा आडदांड गडी. त्याला संग्रामनं वर्षानुवर्षं अडवलेलं, पण पेनल्टी मात्र तो कधी चुकवत नसे.

मॅच संपत आली. शून्य-शून्य. आमच्या गोलसमोर झुंबड उडाली, बॉल कुणाला तरी लागून बाहेर गेला. समोरचे ओरडले, "हँड! हँड!" आमच्या लीगमध्ये लाइन्समन नसतात. एकटा रेफरी, आणि त्याला काही दिसलं नव्हतं. तो सरळ संग्रामपाशी गेला.

"तू सांग. हाताला लागला?"

संग्रामनं एकदा आमच्या पोरांकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो. माझ्या."

पेनल्टी! मानफ्रेडनं पाठ फिरवली आणि पार्किंगकडे बघत उभा राहिला. अमृतानं माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस दुखत होता. आमच्या टीममधल्या कुणीही संग्रामला बोल लावला नाही. गोलकीपर त्याच्या खांद्यावर हात ठेवून गोलमध्ये जाऊन उभा राहिला.

टॉर्स्टननं बॉल ठेवला. चार पावलं मागे गेला. संग्रामकडे बघितलं. धावत आला, आणि मारला.

बॉल गोलवरून, झाडांवरून, थेट पलीकडच्या मक्याच्या शेतात!

मॅच संपल्यावर मी क्लबहाउसबाहेर सॉसेज वाढत होतो. टॉर्स्टन प्लेट घेऊन समोर आला. मी विचारलंच, "काय झालं रे?"

त्यानं सावकाश मोहरीचा सॉस लावून घेतला.

"पाय घसरला," म्हणाला.

तीन आठवडे पावसाचा थेंब नव्हता. मैदान खडखडीत वाळलेलं होतं.