उगवत्या चंद्राचं ग्रहण

सकाळी भावाचा फोन आला तेव्हा मी ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये चहा गाळत होते. "सुमन गेली," एवढंच तो म्हणाला. वहिनीला कावीळ झाली होती, बरी होईल असं डॉक्टर सांगत होते... मला आधी आला तो रागच. ऐंशी पार केलेल्या माझ्या आईच्या आधी जायचं वहिनीला काय कारण होतं? आता महिना उलटला, राग आहे तिथंच आहे.

वहिनी सावली तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची, आणि घरी आल्यावरही तिचं शिकवणं सुटायचं नाही. लग्न होऊन आली त्या वर्षी आईने तिला सहज विचारलं, पृथ्वी गोल आहे म्हणतेस, पण पाहिली कोणी? दुसरीने पुस्तक उघडून दाखवलं असतं. ही म्हणाली, "ग्रहणात दिसते, आई. चंद्रावर आपल्याच जमिनीची सावली पडते." पुढचं चंद्रग्रहण आलं तेव्हा ती पोटुशी होती. गरोदर बाईने ग्रहणात बाहेर पडायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ही मात्र शाळेतली पोरं गोळा करून अंगणात उभी! चंद्र पार डोक्यावर आला होता आणि त्याच्यावर चढणाऱ्या सावलीचा काठ स्वच्छ गोल दिसत होता. आई दाराच्या आतूनच म्हणाली, "ताटाची सावलीबी गोलच पडते नं व. जमीन ताटासारखी असंन तं?"

वहिनी हरखली. असा प्रश्न तिला शाळेतही कुणी विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने ताट आडवं धरून त्याच्यावर दिवा धरला. जमिनीवर गोल सावली पडली. मग दिवा ताटाच्या बाजूला, त्याच्याच उंचीवर आणला, तर भिंतीवर नुसती रेघ. "ग्रहण लागलेलाच चंद्र उगवते तवा सूर्य तिकडं मावळत असते, आई. उजेड असा बाजूनं येते. जमीन ताट असंन तं तवा रेघ दिसंन, चेंडू असंन तं गोलच." तसं ग्रहण पंचांगात शोधायचं काम आईने आपल्याकडे घेतलं.

मुलगी झाली, वरचा ओठ फाटलेला... गावाने कारण शोधायची तसदीच घेतली नाही. नागपूरला ऑपरेशन झालं, ओठ छान जुळला, पण लोकांची तोंडं काही बंद झाली नाहीत. आई एका शब्दानेही बोलली नाही, आणि वहिनीला तेच जास्त लागायचं.

काही वर्षांनी पंचांगात ते ग्रहण निघालं आणि नेमके तेव्हाच वहिनीला पुन्हा दिवस गेलेले. मी माहेरी होते. दुपारी तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "ताई, यानं काई होत नाई हे मले माईत हाय. तरी भेव लागून राह्यलं." मी म्हटलं, मग नको जाऊ, तुझी कोण परीक्षा घेतंय? तिने सूप खाली ठेवलं. "मी आत बसली तं पोरीले काय सांगू? का तुहा ओठ माह्यामुळंच फाटला?" मी ते सूप उचलून राहिलेले तांदूळ निवडायला घेतले.

संध्याकाळी ती अंगणात जाऊन उभी राहिली. आई उठली, नातीला कडेवर घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा ग्रहणाच्या वेळी घराबाहेर पडून सुनेच्या शेजारी जाऊन उभी राहिली. धानाच्या बांध्यांपलीकडून चंद्र वर आला, एका बाजूने खाल्लेला. आई बराच वेळ पाहत होती. "रेघ नाई व," ती म्हणाली, "गोलच हाय." वहिनी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि मीही रडले.

पुढे मुलगा झाला, धडधाकट. तेव्हा मात्र गावाला ग्रहण आठवलं नाही.

दहाव्याला घर माणसांनी भरलं होतं. शेजारची एक बाई हळूच म्हणाली, "ग्रहणं पाह्याची, म्हणून अशी अर्ध्यातून गेली." आईने ते ऐकलं. आताशा तिची मान हलते, पण आवाज हलला नाही. "तिच्यासंग म्याबी पाह्यलं," ती म्हणाली. "मंग मले काऊन ठेवलं देवानं?"

गेल्या पौर्णिमेला आईने आपली बाज अंगणात टाकायला लावली. तिला आता फारसं दिसत नाही. "निंगाला का व?" असं ती नातीला विचारत राहिली, आणि नातीने हो म्हटल्यावरच जेवायला आत आली.