मनोऱ्याला उजवी घालताना

गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी मी पंचवीस वर्षांची होते आणि मला जगातलं सगळं समजत होतं. मराठीसाठी मोर्चात जाऊन घसा बसवून घेतला होता. बाबा म्हणत, "घोषणा मराठीत दी, ठेच लागली की कोकणीत रड."

बाबांनी उभी हयात डिचोलीच्या खाणीवर काढली. लाल धूळ छातीत बसली होती. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "चढ चढू देऊ नका. काही महिने आहेत." बाहेर आल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, "बाय, आज तो मोडको मनोरो बघूक मेळतलो मगो?"

जुन्या गोव्याच्या टेकडीवरचा तो अर्धा उरलेला मनोरा. जन्मभर त्यांनी तो फेरीबोटीतून, लांबूनच पाहिलेला. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी त्यासाठीच नकाशा काढून दिला होता. रिक्षाने थेट टेकडीवर जायचं, मनोरा पाहायचा, मग उतरत उतरत मोठ्या इगर्जीवरून, म्हणजे चर्चवरून, फेरीच्या धक्क्यावर यायचं. लाल शाईचे बाण. "बाणांप्रमाणेच चाल गं, शहाणपणा करू नकोस," असंही बजावलं होतं.

मला असं बजावणं म्हणजे आमंत्रणच. नकाशाप्रमाणे गेलं तर इगर्जीचा मनोरा डाव्या हाताला पडत होता. देव कुणाचाही असो, त्याला डावी घालून जायचं? देवळाच्या दीपस्तंभाला आम्ही कधी उलटे फिरलो नव्हतो. मी रिक्षा खालीच सोडली आणि नकाशा उलटा धरला.

"बाय, बाण उरफाटे जाले मगो."

"मास्तरांना धर्म कळत नाही, बाबा."

"आनी तुका?"

"मी बी.ए. आहे."

हे मी खरंच बोलले. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते, पण दात थोडेच उरलेत.

इगर्जीचा मनोरा शिस्तीत उजवीकडून गेला. बाबांनी चपला काढून त्याला हात जोडले. पुढे रस्ता वर निघाला. डॉक्टरांचं बोलणं मी विसरले नव्हते. पण तो चढ मला चढ वाटलाच नाही. पंचवीस वर्षांच्या पायांना तो सपाटच होता.

दुसऱ्या वळणावर बाबा दगडावर बसले. ओठ जांभळे, छाती भात्यासारखी. वर नुसती झाडं. मनोऱ्याचा पत्ता नाही. मी त्याच नकाशाने त्यांना वारा घालू लागले.

"आणखी थोडंच आहे, बाबा."

"तुजें थोडें, बाय. म्हजें न्हय."

सायकलवरून पाव विकणाऱ्या एका म्हाताऱ्या पोदेराने पावांची टोपली माझ्या डोक्यावर दिली, बाबांना सायकलवर बसवलं आणि धरून धरून खाली आणलं.

संध्याकाळी मास्तर आलेच. "पाहिला का मनोरा? उतरताना त्रास नाही ना झाला?"

मी पदराचं टोक पिळत उभी. बाबा खाटेवरून म्हणाले, "बघलो. बरो आसा. सगळी देंवतीच, उतारच उतार, कायच त्रास ना."

त्या खाटेवरून ते पुन्हा उठले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेले महिने तीन आठवड्यांत संपले. बाराव्याला मास्तर आल्यागेल्याला सांगत होते, "मनोरा तेवढा डोळे भरून पाहून गेला हो. नकाशा मी काढून दिलेला." लोक खरं-खोटं करायला माझ्याकडे बघत.

मी होकाराची मान डोलावली आणि पुढच्या माणसाला चहा दिला.