घरातलं नाव कानात सांगा

भुतांवर काडीचा विश्वास नसताना त्यांचा चोख बंदोबस्त ठेवणाऱ्या बाई अख्ख्या हिंदुस्थानात एकच होत्या, आणि त्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात आमच्या बरोबर खाली राहत होत्या. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. नातं काहीच नव्हतं, पण दिल्लीत मराठी बोलणारी बाई जिन्यात भेटली की ती मावशीच होते. दिवेलागणीनंतर बाहेरून कोणी हाक मारली तर मावशी पहिल्या हाकेला ओ देत नसत. दुसऱ्याही नाही. पडद्यामागे श्वास रोखून तिसऱ्या हाकेची वाट बघायच्या, कारण त्यांच्या मते तिसरी हाक फक्त माणूसच मारतो, बाकीच्यांना तेवढा धीर नसतो. हे सिलिंडरवाल्याला कोणी सांगितलं नव्हतं. थंडीतल्या एका संध्याकाळी त्यानं दोनदा आडनाव पुकारलं आणि भरलेला सिलिंडर घेऊन तो चालता झाला. पुढे कितीतरी दिवस मावशींकडे वातीच्या स्टोव्हवर खिचडी शिजत होती, आणि काका, म्हणजे त्यांचे यजमान, मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आणि घरात श्रोते, ती निमूट खात होते. फोन वाजला की मावशी रिसीव्हर कानाला लावून गप्प बसायच्या. पलीकडच्यानं आधी बोलायचं. काकांच्या साहेबांनाही आपण आधी बोलायची सवय नव्हती. एकदा दोन्ही टोकांना दोघं बराच वेळ नुसते श्वास घेत राहिले, आणि शेवटी म्हणे साहेबांनीच घाबरून फोन ठेवला. "मावशी, तुम्ही हे सगळं मानता?" असं मी चिडून विचारलं की त्या शांतपणे म्हणायच्या, "मी कुठे मानते? पण त्यांचं मत कोणी विचारलंय का?"

मी त्या काळात सायकलवाल्यांसाठी पत्रकं काढत होते आणि कायम रागात असायचे. राग येण्यासारखंच होतं. बाजार खुला झाला होता, गच्च्यांवर टीव्हीच्या तबकड्या उगवल्या होत्या, दारोदार मारुती आल्या होत्या, आणि यमुनेपलीकडे, नोएडाच्याही पुढे, शेतांवरून सहा पदरी रस्ते सोडून दिले होते. त्या रस्त्यांवरून सकाळी डबा लटकवून कामाला जाणारे बहुतेक सायकलवर, आणि त्या सहा पदरांत सायकलीला वीतभर पट्टा नाही! म्हणून आमच्या समितीनं दर जानेवारीत तिथे सायकल शर्यत भरवायची ठरवलं. पैसा एका बिल्डरचा होता. मला ते मुळीच आवडलं नव्हतं, पण माझ्या पत्रकांचा कागदही त्याच्याच पैशातून यायचा, त्यामुळे निषेध त्याच कागदावर करावा लागला.

पहिल्या वर्षी नंबरवाटपाचा जो तमाशा झाला तो सांगायलाच हवा. जीपच्या बॉनेटवर कापडी नंबरांचा ढीग ओतला, ज्याच्या हाताला जो लागला तो त्यानं पाठीला टाचला आणि यादीत त्या नंबरापुढे नाव-पत्ता खरडला. रांग नाही, ओळख नाही. "यार, तू मेरा ले ले, मेरा लकी है," म्हणत दोस्तांनी अदलाबदल केली. गर्दी उरकेपर्यंत ट्रक सुरू झाले. त्यात एक जण पडला, पाय मोडला, बेशुद्ध झाला. पाठीवरच्या नंबरावरून समितीनं घर शोधलं, ते निघालं आमच्याच ब्लॉकातलं, आणि आमच्या जिन्यात फोन एकच, मावशींचा. निरोप घेऊन मावशी वर गेल्या. त्या आईनं असा हंबरडा फोडला की समोरच्या ब्लॉकातल्या बायका पळत आल्या. दुपारी तिचा मुलगा राजमा-चावल खायला घरी आला, धडधाकट, आणि त्याला दारात बघून ती पुन्हा किंचाळली. सगळा ब्लॉक हसला. मावशी हसल्या नाहीत. "आणि तो दुसरा?" त्यांनी मला विचारलं. तो दुसरा संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलात भलत्याच नावानं पडून होता, उशाशी कोणी नाही. "खोटी बातमी माझ्या तोंडून गेली आणि खरी कोणाकडेच गेली नाही," मावशी म्हणाल्या. मग माझं पत्रक हातात घेऊन, चष्मा वर करून: "उद्गारचिन्हं भरपूर आहेत, बये. पण गेलेली मुलं परत कशी यायची, ते कुठे लिहिलंयस?"

पुढच्या वर्षी नंबरवाटपाचं काम त्यांनी मागितलं नाही, घेतलं. शर्यतीच्या सकाळी नंबर मिळणारच नाहीत, असा त्यांचा पहिला हुकूम. शर्यतीआधीच्या रविवारी ज्याचा त्यानं यायचं, त्यांच्या घरी, स्वतःच्या पायांनी. भावाचा नंबर भावाला नाही, नवऱ्याचा बायकोला नाही. दारात माणूस आला की, "टोपी निकालो. मुंह दिखाओ." माकडटोपीतून बाहेर आलेल्या त्या तोंडाकडे मावशी इतका वेळ बघत राहायच्या की चांगली मिशीवाली माणसं आपली पापं आठवून घाम पुसत. मग स्वतः सेफ्टी पिना लावून नंबर पाठीवर टाचायच्या, स्वेटर, शर्ट, बनियन आणि कधीकधी थोडी कातडी यांच्यातून आरपार. आणि शेवटी कान पुढे करायच्या. "घर में क्या बुलाते हैं? कान में बोलो." ते घरातलं नाव त्यांनी कुठेही लिहिलं नाही, कोणाला सांगितलं नाही. पप्पू, गोल्डी, बिट्टू जे काय असतील ते सगळे त्यांच्या एका डोक्यात नांदत होते. परदेशातून रेसिंग सायकल आणलेले एक सहसचिव आले होते, त्यांनी आधी नियम विचारला, मग नियमाचा आधार विचारला, आणि अखेर वाकून कुजबुजले. फायलींवर शेरे मारून मारून कुजबुजायची सवय गेलेली. काकांच्या कानापर्यंत ते पोचलं असावं, कारण त्यांच्या तोंडापुढचं वर्तमानपत्र कितीतरी वेळ थरथरत होतं. काका त्याच मंत्रालयात होते. पण त्यांनीही ते कधी सांगितलं नाही.

मग सूचना. मावशींचं हिंदी चाळीस वर्षं दिल्लीत राहूनही कोकणातून हललं नव्हतं. "धुंद में गुम हुआ, तो सायकल मारने का नहीं. उतरने का, बाजू में बैठने का. कोई नंबर से बुलाया, ओ देने का नहीं. पेपर के नाम से बुलाया, तो भी नहीं. घर के नाम से बुलाया, तभी ओ देने का." लोक हसून "बिल्कुल, आंटीजी" म्हणत आणि लाडू घेऊन जात. मी हसले नाही. मी भडकले. समितीत ठणकावून सांगितलं की ही उघड अंधश्रद्धा आहे. मावशींना तोंडावर विचारलं, तर म्हणाल्या, "तिथले सगळे गोलचक्कर सारखे, सगळे सेक्टर सारखे, आणि वस्तीला माणूस एक नाही. आमच्या कोकणात माणसाला गोल गोल फिरवायला चकव्याला रान तरी लागायचं. इथे त्याला सरकारनंच प्लॅन पास करून दिलाय." समितीनं माझा विरोध ऐकला आणि सोडून दिला, कारण मावशींच्या पद्धतीत ना झुंबड होती ना अदलाबदल.

त्याच रविवारी बँकेतला एक तरुण कारकून आला. केरळचा, मुनिरकात गच्चीवरच्या खोलीत एकटा राहणारा, हिंदीही बेताचं. त्याला सत्तेचाळीस नंबर मिळाला. मावशींनी कान पुढे केला, तो नुसता उभा. "आंटी, घर में कोई नहीं," म्हणाला. लहानपणापासून मामाकडे वाढलेला, आणि मामा शाळेतल्या नावानंच हाक मारायचे. मावशींनी त्याच्याकडे नेहमीपेक्षाही जास्त वेळ बघितलं. मग त्याला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. मला वाटलं, आत कांदा चिरलेला असेल.

शर्यतीच्या सकाळी धुकं असं होतं की आपलाच हात कोपरापासून पुढे दुसऱ्याचा वाटावा. दोन्ही अंगांना अर्धवट इमारतींचे सांगाडे, भिंती नाहीत, खिडक्या नाहीत, नुसते मजले. त्यांच्यातून आमचेच आवाज आमच्याकडे परत येत, पण जरा उशिरा, आणि जरा वेगळ्या गळ्यातून. सायकली सुटल्या आणि चार पॅडलांत दिसेनाशा झाल्या. चेनींची कुरकुर तेवढी राहिली, मग तीही नाही. एकेक जण परतू लागला तसा मावशी त्याला थांबवून तोंड बघायच्या, पाठीवर थाप मारायच्या आणि कानात काहीतरी म्हणायच्या. तो लाजून हसला की तो आला. सगळे आले. सत्तेचाळीस आला नाही.

बिल्डरचा माणूस घड्याळ बघत होता. "एक नंबर कम है तो क्या हुआ, मैडम? घर निकल गया होगा. मंत्रीजी की मिसेज़ वेट कर रही हैं." मी त्याला माइकवरूनच सांगितलं की तुमच्या मिसेज आणि तुमचे मंत्रीजी धुक्यात उभे राहतील, पण मोजणी पुरी झाल्याशिवाय बक्षिसाचा एक कप वाटला जाणार नाही. मग लाउडस्पीकर लावलेली जीप घेऊन आम्ही निघालो. "नंबर सैंतालीस! जहाँ भी हो, आवाज़ दो!" मी ओरडत होते, आणि सांगाडे म्हणत होते, तालीस, आवाज दो, आवाज दो. एका गोलचक्करावरून सुटायचं, दुसरं यायचं, ते अगदी पहिल्यासारखं, तेच कारंजं, तेच वाळकं गवत. ड्रायव्हर जाट होता, अंगापिंडानं चांगला दांडगा, तो हळूहळू हनुमानाचं नाव घ्यायला लागला.

"बंद कर ते ओरडणं," मावशी मला म्हणाल्या. "उगाच शिकवू नकोस."

"कोणाला शिकवतेय मी?"

त्यांनी शाल डोक्यावरून घेतली आणि उतरल्या. मी मागे निघाले तर म्हणाल्या, "तू इथेच. मला त्याला हाक मारायचीय, आणि ती तुझ्या कानावर पडायची नाही." आणि त्या पांढऱ्यात चालत गेल्या. आधी पाय दिसेनासे झाले, मग शाल. मी जीपला टेकून उभी राहिले. थंडीनं दात वाजत होते, असं मी ड्रायव्हरला सांगितलं.

त्या परतल्या तेव्हा त्यांचा एक हात सायकलीच्या हँडलवर होता आणि दुसरा त्या पोरानं धरला होता. तो पांढराफटक पडला होता, पण शुद्धीवर होता, आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सांगत होता. वाट चुकल्यावर तो उतरला, आंटीनं सांगितल्याप्रमाणे कडेला बसला. हाका ऐकू येत होत्या, सगळीकडून, सैंतालीस, सैंतालीस. एक आवाज तर अगदी जवळून, समोरूनच. वाटलं उठावं, दोन पावलं जावं. पण आंटीनं सांगितलं होतं नंबराला ओ द्यायची नाही, म्हणून तोंड दाबून बसला.

"प्रतिध्वनी," मी म्हणाले. "आमचा लाउडस्पीकर होता तो."

"नहीं, दीदी. गाड़ी तो बाद में आई."

तो बसला होता तिथे मी स्वतः जाऊन बघितलं. त्याच्या समोर रस्ता संपला होता. डांबर असं कापल्यासारखं थांबलेलं, पुढे नुसत्या गंजक्या सळया, आणि खाली पुलासाठी खणलेला खड्डा, तळाशी काळं पाणी. फलक नाही, दोरी नाही, एक उलटं पिंपसुद्धा नाही! त्यावर मी जे पत्रक काढलं त्यानं पंधरवड्यात तिथे कठडा आला, आणि माझ्या आयुष्यात सरकार हललेलं मी तेवढं एकदाच बघितलं. पत्रकात समोरच्या आवाजाबद्दल मी लिहिलं नाही. समोर कोणी उभं राहायला जागाच नव्हती.

परत येताना तो पोरगा मावशींच्या खांद्यावर मान टाकून झोपला. मावशी मग हळूच मला म्हणाल्या, "तो जवळचा आवाज नंबरानंच बोलवत होता ना?"

"हो. का?"

"मग ठीक आहे. अजून त्याला कोणाची नावं ठाऊक नाहीत."

काका निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि मावशी पुण्याला गेल्या. फ्लॅट विकून झाल्यावर बिल्डरला सायकलींचं प्रेम उरलं नाही, शर्यतही बंद पडली. सायकलीचा पट्टा अजून झालेला नाही. त्याच्याच सह्या गोळा करायला परवा संध्याकाळी मी त्या सेक्टरात गेले होते. सांगाड्यांना भिंती आल्यात, बाल्कन्यांतून कपडे वाळतायत, खाली हिरवळीवर पोरं खेळतायत. दिवे लागायची वेळ होती. बाल्कन्याबाल्कन्यांतून आया वाकून, गळा काढून आपापल्या पोरांना बोलवत होत्या. गोलू! ए पिंकी! चीकू, ऊपर आ जा! ती सगळी नावं पलीकडच्या नव्या, अजून रिकाम्या सांगाड्यांपर्यंत जात होती. परत मात्र येत नव्हती. मी थांबून ऐकलं. एकही परत आलं नाही.

दुसऱ्या मजल्यावर एका बाईनं दार उघडलं, भली होती बिचारी, पाणी दिलं, न वाचता सही केली. मला मावशींची इतकी आठवण आली की कागद घडी करता करता मी बोलून गेले, "दीदी, बच्चों को ज़रा धीरे बुलाया कीजिए."

"क्यों जी?" ती हसली. "शोर होता है?"

 इतकी पत्रकं काढली, पण यावरचं माझ्याकडे एक नव्हतं.

"नहीं," मी म्हणाले, "आवाज़ बहुत दूर तक जाती है."