आठ भोकांची पेटी

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही भातलावणीचे दिवस सोडून. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी शुद्धलेखनाच्या चुका काढायला नको. वडिवळ्याला आमची भाताची खाचरं आहेत आणि बरीच वर्षं मी लोणावळ्यात तुंगार्लीला एका बंगल्याची देखरेख करतो. मालक मुंबईला. पूर्वी पाहुणे आले की विचारायचे, गरम पाणी आहे का. आता गाडीतून पाय खाली टेकायच्या आत विचारतात, नेट आहे का. सुट्टीला म्हणून येतात आणि दिवसभर खोलीत बसून ऑफिसचं काम करतात. मग घरीच का राहत नाहीत, हे मला अजून कळलेलं नाही.

तर त्या नेटसाठी मालकांनी जिन्याखालच्या कपाटात राउटर बसवला आणि वर माळ्यावर स्विच. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, आठ भोकांची चपटी पेटी. राउटरकडून एक वायर तिच्यात येते आणि बाकीच्या भोकांतून वायरी खोल्याखोल्यांत जातात. प्रत्येक भोकापाशी बारीक दिवा. मी फक्त धूळ पुसायची, एवढंच ठरलं होतं.

एका शनिवारी नेट बंद पडलं. मी सगळं बंद करून चालू केलं, तीनदा. चौथ्यांदा करेपर्यंत पाहुणे सामान बांधून दुसरीकडं निघून गेले. रात्री नेट आपोआप आलं, पण पाहुणे गेले ते गेलेच. मालकांचा फोन आला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मऊ आवाजात म्हणाले, "आबा, तुमचं वय झालं. पुढच्या महिन्यापासून नेटचं कळणारा माणूस बघतो. तुम्ही आता शेती बघा."

वयाचं बोलणं मी मनावर घेत नाही. पण कळत नाही म्हटलेलं मला सोसत नाही. "महिना कशाला," मी म्हणालो, "पंधरा दिवसांत शिकून दाखवतो." फोन ठेवल्यावर ध्यानात आलं, शिकवणार कोण हे ठरलेलंच नव्हतं.

खरं तर शिकवणारी घरातच होती. आमची सून घोरावाडीजवळ एका कारखान्यात याच वायरींचं काम बघते. पण सुनेला विचारायचं कसं? दोन दिवस मी तिच्या आजूबाजूला खाकरत हिंडलो. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता तीच म्हणाली, "आबा, घसा दुखतोय का बंगल्यावरचं नेट बंद पडलंय?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पायजे? दोन दिवस माझ्या मोबाईलकडं रागानं बघताय तुमी."

तिनं कारखान्यातली मोडीत निघालेली एक पेटी आणून ओटीवर मांडली आणि शिकवणी सुरू झाली. "दिवा लागला म्हणजे वायर पोचली. लुकलुकतोय म्हणजे आतनं काईतरी चाललंय. लागलाच न्हाई, तर आधी वायर बघायची. पेटीला शिव्या घालायच्या न्हाईत."

"मी शिव्या घालत न्हाई."

"काल घातल्या. आत्याबाईंनी ऐकल्यात." आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी बायको.

मग तिनं विचारलं, "नेट गेलं, तर बघायला कुटनं सुरुवात करायची?"

"ज्या खोलीत गेलंय तितनं."

"आणि खालच्या खाचरात पाणी आलं न्हाई, की तुमी खालीच कमरेवर हात ठेवून उभे राहता, व्हय?"

तिथं मला उलगडलं. पाणी आलं नाही तर माणूस वर चालत जातो, पाणी कुठवर पोचलंय ते बघतो, आणि तिथून खाली उतरत येतो. तसंच बाहेरची वायर राउटरपर्यंत, राउटरची पेटीपर्यंत, पेटीची खोलीपर्यंत. "एवढं सोपं असेल तर तुला पगार कशाचा देतात?" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून ती कामावर जाताना एखादी वायर ढिली करून ठेवायची आणि मी ती शोधायची. एकदा तर सकाळभर शोधत बसलो. सगळ्या वायरी घट्ट, दिवा एक लागेना. बाईनं विजेची पिनच काढून ठेवली होती.

तिचे दोन हट्ट होते. एका वेळी एकच वायर हलवायची, नाहीतर कशानं सुधारलं ते कळत नाही. आणि पहिल्यांदा विचारायचं, शेवटचा हात कुणी लावला. यातला दुसरा मला पोलिसी वाटला.

पंधराव्या दिवशी मालक स्वतः आले. सोबत पाहुणे, आणि खांद्याला बॅग लावलेला एक जाणकार. माझ्या जागी तोच येणार, हे कुणी न सांगता कळत होतं.

त्या सकाळी मी माळ्यावरची धूळ पुसली होती. पेटीचं एक भोक रिकामं, आणि फाटकावर कॅमेरा बसवणाऱ्यानं मागं सोडलेली एक आखूड वायर, एक टोक पेटीत, दुसरं लोंबतंय. भात करणारा माणूस बांधावरनं चालताना खेकड्याचं बीळ दिसलं की थांबत नाही, जाता जाता टाचेनं चिखल दाबतो, नाहीतर खाचर रिकामं होतं. माझा हातही तसाच चालला. लोंबणारं टोक रिकाम्या भोकात दाबलं आणि खाली आलो.

पाहुणे आल्यावर थोड्या वेळानं त्यांच्यातली एक बाई धावत आली. नेट नाही, आणि अर्ध्या तासात तिची नोकरीची मुलाखत. जाणकारानं कपाट उघडून बघितलं आणि सांगितलं, "राउटर गेला. नवीन टाकावा लागेल." मालकांनी माझ्याकडं असं बघितलं, की आता निरोपाचा चहा तेवढा बाकी होता.

मी राउटर बघितला. बाहेरच्या वायरीचा दिवा नीट होता. माळ्यावर गेलो आणि सुनेला फोन लावला.

"दिवे कसे हायत?" तिनं विचारलं.

"सगळे एकदम लुकलुकतायत. लय जोरात."

"शेवटचा हात कुणी लावला?"

"कुणी न्हाई."

"आबा, आठवा."

"कुणी न्हाई म्हटलं ना."

"बरं. मग एकेक वायर काढा, दिवे बघा, परत घाला, मग पुढची."

पहिल्या पाच वायरींनी काही फरक पडला नाही. सकाळची आखूड वायर काढली आणि दिवे शांत झाले. मग कळलं. दोन्ही टोकं एकाच पेटीत, म्हणजे गेलेलं सगळं परत तिथंच येत होतं, गोल गोल, आणि बाकी कुणाला वाट मिळत नव्हती. वायर खिशात घालून खाली गेलो असतो तर कुणाला पत्ता लागला नसता. पण मागं मालक जिना चढून आले होते.

"ही वायर," मी म्हणालो. "सकाळी मीच घातली. भोक रिकामं दिसलं म्हणून."

खालून त्या बाईचा आवाज आला, नेट आलं म्हणून. मालक म्हणाले, "म्हणजे तुम्हीच बिघडवलं आणि तुम्हीच दुरुस्त केलं."

"व्हय. दुसऱ्यानं बिघडवलं असतं तर एवढा वेळ लागला नसता."

मालक हसायला लागले. जाणकाराला चहा पाजून वाटेला लावलं. मला म्हणाले, "राहा, आबा. पण ती वायर द्या माझ्याकडे, मुंबईला घेऊन जातो."

संध्याकाळी मी जेवायला बसलो, तेव्हा सुनेनं ताट ठेवता ठेवता विचारलं, "सापडलं?"

"सापडलं."

"कुणाचा हात होता?"

"मालकांना सांगितलंय."

"मला फोनवर का न्हाई सांगितलं मग?"

मी भाकरी मोडली. "मालक महिन्यातनं एकदा भेटतात," मी म्हणालो. "तुझ्यापुढं रोज बसायचंय."