सरीच्या शेपटाचं वाळूक

माझा थोरला भाऊ पैठणजवळ ऊस करतो आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत बाळगतो. मी संभाजीनगरला माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. त्यामुळे मातीबद्दल तो माझं कधीच ऐकत नाही.

आमच्याकडे सरीचं शेवटचं टोक बायकांचं. पाटाचं पाणी तिथं जाऊन मुरतं, म्हणून तेवढ्या जागेत ऊस न लावता घरची भाजी लावायची. वहिनी तिथं वाळूक, म्हणजे काकडीच्या जातीचं गावरान फळ, लावायची. बी तिच्या आईनं दिलेलं, राखेत घोळून जपलेलं. आई गेली, माहेरची जमीनही विकली गेली. बी तेवढं उरलं होतं, तेही यंदा मूठभरच.

ऊस लावल्यावर भावानं तणनाशक मारलं, ते दुप्पट. जास्त मारलं की जास्त मरतं, हे त्याचं शास्त्र. सरीचं शेपूट मात्र मोठ्या मनानं सोडलं. मी फोनवर बजावलं, "दादा, लगेच पाणी सोडू नको. औषध मातीला धरू दे. वाहत्या पाण्याबरोबर गाळ जातो अन् गाळाबरोबर औषधबी."

"औषधाला काय पाय हायेत व्हय?" तो हसला. "तू तुझ्या बाटल्या धू."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! त्याच दिवशी कालव्याच्या पाण्याची पाळी आली आणि आमच्या दादासाहेबांनी सऱ्या तुडुंब भरल्या.

वहिनीनं तरी विचारलं, "बी लावू ना मग?"

"बिनघोर लाव. तिथं थेंबबी मारला नाय म्या."

नवऱ्याच्या शब्दावर तिनं होतं तेवढं सगळं बी टोकलं.

वाळूक उगवलं. मग पानं कडेनं पिवळी पडली, करपली, आणि एकही वेल पुढे सरकला नाही. ऊस मजेत होता. त्याला हे औषध पचतं, वाळकाला नाही. भावानं यातून काढलेला निष्कर्ष असा, की बी जुनं होतं. हे तो पारावर चारचौघांना सांगतही होता. मला त्याची अक्षरशः किळस आली.

पुढच्या रविवारी मी गावी गेलो. आम्ही जेवायला बसलो.

"पिठल्यासंगं वाळूक पायजे होतं राव," भाऊ म्हणाला.

"तेवढंच बी होतं," वहिनी म्हणाली. "आता माहेरी कोण हाय द्यायला?"

"त्यात काय? बाजारात काकडी लई मिळती," म्हणत त्यानं ताट पुढे केलं. वहिनीनं त्यात भाकरी वाढली.